‘बॅक आउट’ कुठे वापरायचं, कुठे नाही, आणि वाक्य कसं बांधायचं

माझा मावसभाऊ दिंडोरीकडे द्राक्षं लावतो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बागेचा सौदा ठरला, व्यापाऱ्याने भाव बोलला, तोंडी हो झालं, आणि चार दिवसांनी अवकाळी आला. मणी तडकले आणि व्यापाऱ्याने हात वर केले. भावाने मग स्वतःच दुबईच्या एका खरेदीदाराला मेल टाकला. त्याला सांगायचं होतं की स्थानिक व्यापाऱ्याने माघार घेतली, म्हणून माल मोकळा आहे, आणि जुन्या भावाचा आम्ही आता आग्रह धरत नाही, थोडं कमी घेऊ. त्याने लिहिलं, “ट्रेडर इज बॅकआउट, सो वुई आर बॅकिंग आउट फ्रॉम ओल्ड रेट.” समोरच्याने वाचलं की हे लोक ठरलेल्या भावातून पळतायत. त्याने उत्तरच दिलं नाही. आठ दिवसांनी फोन लागला तेव्हा त्याने माल दुसरीकडून उचलला होता.

मी इंग्रजी शिकवतो, आणि हा मेल मला नंतर दाखवला गेला याचं मला अजून वाईट वाटतं. कारण चूक मोठी नव्हती, चार शब्दांची होती, आणि तीच चूक मी दर बॅचमध्ये बघतो. मराठीत आपण ‘बॅक आउट’ दिवसभर वापरतो, “तो ऐनवेळी बॅकआउट झाला”, “कॅन्डिडेटने बॅकआउट केलं”, त्यामुळे हा शब्द आपल्याला येतो असंच वाटतं आणि इंग्रजीत लिहिताना मराठी वाक्याचा सांगाडा तसाच राहतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो त्याच क्रमाने करा. आधी शब्द बरोबर आहे का ते ठरवायचं, व्याकरण त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात आणि व्याकरण सुधारत बसतात, शब्दच चुकीचा असतो.

## तयारी: आधी मराठी वाक्य कागदावर

इंग्रजीत थेट लिहायला बसू नका. जे सांगायचंय ते मराठीत एका ओळीत लिहा, आणि त्यात ‘बॅकआउट’ हा शब्द वापरायचा नाही. अस्सल मराठी शब्द घाला: माघार घेतली, अंग काढून घेतलं, शब्द फिरवला, कच खाल्ली, अर्ज मागे घेतला, रद्द केलं, सौदा फिस्कटला, पाय मागे घेतला. जो शब्द चपखल बसतो त्यावरून इंग्रजीतला मार्ग अर्धा कळतो.

त्या ओळीखाली तीन गोष्टी लिहा: कोण मागे हटलं, कशातून हटलं, आणि त्याआधी काय ठरलं होतं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर तिथेच थांबा आणि पहिला टप्पा वाचा.

## टप्पा १: आधी ‘हो’ म्हटलं होतं का?

‘बॅक आउट’च्या पोटात एक गोष्ट गृहीत असते. माणूस आधी कबूल झाला होता. सही केली असेल, इसार घेतला असेल, फोनवर “येतो” म्हटलं असेल, किंवा नुसती मान हलवली असेल, पण होकार होता. होकार नसेल तर बॅक आउट होऊच शकत नाही.

उदाहरण घ्या. तुम्ही मित्राला ट्रेकला बोलावलंत, तो म्हणाला “नाही जमणार”. हा बॅक आउट नाही, हा साधा नकार, ‘ही सेड नो’ किंवा ‘ही टर्न्ड इट डाउन’. तो म्हणाला “येतो”, शुक्रवारी बॅग भरली, आणि शनिवारी पहाटे मेसेज आला की नाही जमत. हा बॅक आउट.

घराच्या व्यवहारात हे अगदी स्वच्छ दिसतं. फ्लॅट बघितला, आवडला नाही, घेतला नाही, यात बॅक आउट काहीच नाही. मालकाने इसार घेतला, इसारपावती दिली, आणि आठवड्याने जास्त भाव देणारा मिळाला म्हणून नाही म्हणाला: ‘द सेलर बॅक्ड आउट आफ्टर टेकिंग द टोकन.’

बातम्यांतलं उदाहरण बघा. 2022च्या एप्रिलमध्ये इलॉन मस्कने ट्विटर कंपनी 54.20 डॉलर प्रति शेअर भावाने घ्यायचा करार केला, एकूण सुमारे 44 अब्ज डॉलर. जुलैमध्ये त्याने करार मोडतोय असं कळवलं, ट्विटर डेलावेअरच्या कोर्टात गेली, आणि शेवटी ऑक्टोबरात त्याच भावाने व्यवहार पूर्ण झाला. इथे ‘ही ट्राइड टू बॅक आउट ऑफ द डील’ हे नेमकं बसतं, कारण करार झाला होता. ‘ट्राइड टू’ही महत्त्वाचं आहे, कारण शेवटी तो बाहेर पडला नाही. नुसतं ‘ही बॅक्ड आउट’ लिहिलं तर वाक्यच खोटं होतं.

याच्या शेजारी 4 नोव्हेंबर 2019 ठेवा. त्या दिवशी बँकॉकमध्ये भारताने आरसेप या व्यापार करारात सामील न व्हायचं ठरवलं. कित्येक वर्षं वाटाघाटी चालू होत्या पण सही नव्हती. म्हणून इथे ‘पुल आउट ऑफ द टॉक्स’ किंवा ‘स्टे आउट’ जास्त बरोबर. ‘बॅक आउट’ म्हटलं की शब्द मोडल्याचा आरोप आपोआप येतो.

तपासा: तुमच्या वाक्यात “आधी ठरलं होतं, पण…” हे शब्द सहज जोडता येतात का? येत असतील तर पुढे जा.

## टप्पा २: माणूस हटला की कार्यक्रमच रद्द झाला?

हा घोळ सगळ्यात जास्त. मराठीत “लग्न बॅकआउट झालं”, “डील बॅकआउट झाली” असं सर्रास ऐकू येतं. इंग्रजीत डील बॅक आउट होत नाही. या अर्थाने बॅक आउट करणारा नेहमी माणूस, संघ, कंपनी, देश असा कोणीतरी निर्णय घेणारा असतो.

कार्यक्रम कोणीतरी ठरवून रद्द केला तर ‘कॉल ऑफ’. सौदा कोणाच्या थेट निर्णयाशिवाय फिस्कटला, कर्ज मिळालं नाही, कागद पूर्ण झाले नाहीत, तर ‘द डील फेल थ्रू’ (हा ‘फेल’ म्हणजे ‘फॉल’चा भूतकाळ, नापासवाला ‘फेल’ नाही). एक माणूस बाहेर पडला आणि बाकी कार्यक्रम तसाच चालू राहिला तरी ‘ही बॅक्ड आउट’ म्हणता येतं, आणि त्याच्यामुळे सगळं कोसळलं तरी म्हणता येतं.

17 सप्टेंबर 2021 आठवा. रावळपिंडीत पहिला एकदिवसीय सामना सुरू व्हायच्या थोडं आधी न्यूझीलंडच्या संघाने सुरक्षेच्या कारणावरून पाकिस्तानचा दौरा सोडला. हीच घटना दोन बाजूंनी लिहिता येते: ‘द टूर वॉज कॉल्ड ऑफ’, इथे कर्ता दौरा. ‘न्यूझीलंड पुल्ड आउट ऑफ द टूर’, इथे कर्ता संघ. आता ‘द टूर वॉज बॅक्ड आउट’ लिहून बघा. वाचणाऱ्याला काही कळणारच नाही.

सावधान: ‘वॉज बॅक्ड आउट’ हा प्रकार सौदा, लग्न, दौरा, मीटिंग यांच्यासाठी कधीच लिहू नका. तो चालतो गाडीच्या आणि आयटीवाल्यांच्या अर्थात, ते खाली वेगळं सांगतो.

## टप्पा ३: दोष द्यायचाय का?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि शाळेत हा कोणी शिकवत नाही.

‘बॅक आउट’ला एक कडवटपणा असतो. ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस शब्दाचा पक्का नाही, किंवा घाबरला, किंवा जास्त फायदा दिसला म्हणून फिरला. मराठीत ‘अंग काढून घेतलं’ म्हटल्यावर जसं वाटतं, साधारण तसं. म्हणून ज्याची मजबुरी होती त्याला हा शब्द लावणं अन्याय आहे.

2022च्या जुलैत नीरज चोप्राने यूजीनच्या जागतिक स्पर्धेत रौप्य घेतलं, तिथेच जांघेचा स्नायू दुखावला आणि तो बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेला जाऊ शकला नाही. याला ‘ही पुल्ड आउट ऑफ द गेम्स’ किंवा ‘विथड्रू’ म्हणायचं. ‘बॅक्ड आउट’ लिहिलं तर जणू तो मुद्दाम गेला नाही असं होतं. दुखापत, आजारपण, घरातलं दुःख असं कारण असेल तर ‘पुल आउट’ किंवा ‘विथड्रॉ’ निवडा. स्वतःच्या मनाने फिरला तरच ‘बॅक आउट’.

आता जवळचे शब्द एकदा बघून घेऊ, कारण हे सगळे मराठीत “माघार” या एकाच शब्दात जाऊन बसतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

‘बॅक डाउन’ म्हणजे वादात, मागणीत, धमकीत नमतं घेणं. युनियनने संपाची नोटीस दिली आणि मॅनेजमेंटने शेवटी मागणी मान्य केली तर ‘द मॅनेजमेंट बॅक्ड डाउन’. इथे आधी कबुली नसते, ताठर भूमिका असते. ‘बॅक ऑफ’ म्हणजे मागे हो, नाद सोड, दबाव कमी कर. भांडणात कोणी अंगावर आलं तर ‘बॅक ऑफ!’ म्हणतात, ‘बॅक आउट!’ म्हणत नाहीत.

‘गो बॅक ऑन’ म्हणजे थेट शब्द फिरवणं, ‘ही वेंट बॅक ऑन हिज वर्ड’. हे बॅक आउटच्या अगदी शेजारी बसतं. फरक एवढाच की इथे पुढे वचन, शब्द, आश्वासन येतं, तर बॅक आउटमध्ये पुढे काम, सौदा, योजना येते. ‘चिकन आउट’ म्हणजे कच खाणं, भीतीने मागे सरणं, आणि हे मित्रांतच बोलायचं, मेलमध्ये नाही.

‘ऑप्ट आउट’ला दोष अजिबात नाही. पर्याय दिलेला होता, तुम्ही ‘नको’ची खूण केली, संपलं. ‘ड्रॉप आउट’ म्हणजे चालू असलेलं मध्येच सोडणं, कॉलेज, कोर्स, शर्यत. पदावरून उतरणं म्हणजे ‘स्टेप डाउन’. विराट कोहलीने 15 जानेवारी 2022ला कसोटीचं कर्णधारपद सोडलं तेव्हा ‘ही स्टेप्ड डाउन ॲज टेस्ट कॅप्टन’. आणि उमेदवारी अर्ज मागे घेणं, तक्रार मागे घेणं, बँकेतून पैसे काढणं, या तिन्हींना ‘विथड्रॉ’. एटीएममधून पैसे ‘बॅक आउट’ केले असं लिहिलेलं मी एका उत्तरपत्रिकेत खरंच वाचलंय.

तपासा: ज्याच्याबद्दल लिहिताय त्याने हे वाक्य वाचलं तर त्याला बोचेल का? बोचायला हवं असेल तर ठेवा. नको असेल तर ‘पुल आउट’ किंवा ‘विथड्रॉ’ घ्या.

## टप्पा ४: ‘ऑफ’ लावा, ‘फ्रॉम’ नाही

आपण ‘डीलमधून’ माघार घेतो, आणि ‘मधून’ म्हटलं की डोक्यात ‘फ्रॉम’ येतो. त्यामुळे ‘बॅक आउट फ्रॉम’ हा प्रकार आपल्याकडे इतका पसरलाय की वर्तमानपत्रातही दिसतो. सर्वमान्य इंग्रजीत इथे ‘ऑफ’ लागतो (एकाच एफचा, ‘कॉल ऑफ’ किंवा ‘बॅक ऑफ’मधला दोन एफचा नाही): बॅक आउट ऑफ द डील, ऑफ द ॲग्रीमेंट, ऑफ द ट्रिप.

पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं, ‘टू’ नाही. “तो यायचं म्हणाला आणि फिरला” हे ‘ही बॅक्ड आउट टू कम’ होत नाही, ‘ही बॅक्ड आउट ऑफ कमिंग’ होतं. “ती जामीन राहणार होती पण मागे हटली”: ‘शी बॅक्ड आउट ऑफ स्टँडिंग गॅरंटी’.

कशातून हे आधीच कळलेलं असेल तर ‘ऑफ’ काढून टाका, पूर्ण काढा. ‘ही बॅक्ड आउट ॲट द लास्ट मिनिट.’ एवढं पुरतं. लटकता ‘ऑफ’ ठेवू नका. प्रश्नात मात्र तो शेवटी राहतो: ‘व्हॉट डिड ही बॅक आउट ऑफ?’ हे बरोबर आहे, विचित्र वाटलं तरी.

आणि माणसाला बॅक आउट करता येत नाही. ‘ही बॅक्ड आउट मी’ हे चूक. ऐनवेळी मला तोंडघशी पाडलं असं म्हणायचं असेल तर ‘ऑन’ लावा: ‘ही बॅक्ड आउट ऑन मी.’

## टप्पा ५: काळ आणि रूप

मराठीतला ‘केलं’ इंग्रजीत ‘डिड’ होऊन येतो आणि ‘झाला’ इंग्रजीत ‘वॉज’ किंवा ‘इज’ होऊन येतो. ‘ही डिड बॅकआउट’, ‘ही वॉज बॅकआउट’, ‘ट्रेडर इज बॅकआउट’, हे सगळे त्याच झाडाची फळं. ‘बॅक’ हेच क्रियापद आहे, म्हणून भूतकाळाचा ‘एड’ आणि तिसऱ्या पुरुषाचा ‘एस’ त्यालाच लागतो: बॅक्ड आउट, बॅक्स आउट, बॅकिंग आउट. ‘बॅक आउटेड’, ‘बॅक आउट्स’ नाही. ‘डिड’ साधारणपणे नकारात आणि प्रश्नात येतो, आणि तो आला की ‘एड’ जातो: ‘ही डिडन्ट बॅक आउट.’

लिहिताना दोन शब्द, मध्ये जागा. जोडून लिहिलं की ते नाम होतं आणि ते मुख्यतः तांत्रिक कामात चालतं. मध्ये चुकून एल घुसला तर ब्लॅकआउट, म्हणजे अंधार किंवा शुद्ध हरपणं. स्पेलचेकर ही चूक पकडत नाही कारण ब्लॅकआउट हाही खरा शब्द आहे.

दोन तयार वाक्यं पाठ करून ठेवा, बोलताना खूप कामाला येतात: ‘यू कान्ट बॅक आउट नाउ’ आणि ‘इट्स टू लेट टू बॅक आउट’.

## टप्पा ६: तोंडाने म्हणून बघा

‘बॅकेड’ असा उच्चार करू नका. ‘क’नंतरचा ‘एड’ ‘ट’ होतो आणि तो पुढच्या ‘आ’ला चिकटतो, म्हणजे कानाला ‘बॅक्टाउट’ ऐकू येतं. जोर ‘आउट’वर. आपण जोर ‘बॅक’वर देतो आणि ‘आउट’ गिळतो, मग फोनवरच्या माणसाला फक्त “ही बॅक्ड…” ऐकू जातं, आणि ‘ही बॅक्ड मी’चा अर्थ ‘त्याने मला पाठिंबा दिला’ असा बरोबर उलटा होतो. दहा वेळा मोठ्याने म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका.

## टप्पा ७: मेलमध्ये जायच्या आधी

मित्राला लिहिताना ‘सॉरी टू बॅक आउट ॲट द लास्ट मिनिट’ छान आहे, त्यात आपली चूक आपणच मान्य केलेली असते. पण ऑफिसच्या मेलमध्ये स्वतःबद्दल हा शब्द नको. नोकरीची ऑफर स्वीकारली होती आणि आता जायचं नाही, तर ‘आय ॲम बॅकिंग आउट’ लिहू नका. लिहा: ‘आय ॲम सॉरी, बट आय हॅव टू विथड्रॉ माय ॲक्सेप्टन्स ऑफ द ऑफर.’ एचआरचे लोक आपापसात ‘द कॅन्डिडेट बॅक्ड आउट’ म्हणतील, म्हणू देत, पण तुमच्या नावाने तुमच्याच मेलमध्ये तो शब्द का ठेवायचा.

ग्राहकाला ‘यू बॅक्ड आउट’ लिहिलंत तर तो सरळ आरोप आहे. पुढे धंदा करायचा असेल तर ‘वुई अंडरस्टँड यू आर नो लॉंगर एबल टू गो अहेड विथ द ऑर्डर’ असं लिहा. आणि तारीख फक्त पुढे ढकलायची असेल तर इथे माघारीचा एकही शब्द येता कामा नये, ‘पोस्टपोन’ लिहा, नवी तारीख त्याच ओळीत द्या.

## वेगळे दोन अर्थ, गोंधळू नका

गाडी मागे घेत बाहेर काढणं हाही बॅक आउटच: ‘शी बॅक्ड आउट ऑफ द पार्किंग स्पेस.’ इथे गाडी मध्ये घालता येते, ‘बॅक द कार आउट’. माघारीच्या अर्थात असं मध्ये काही घालता येत नाही.

दुसरा अर्थ आयटीतला. सर्व्हरवर केलेला बदल उलटा फिरवणं म्हणजे ‘बॅक आउट द चेंज’, आणि त्याची आधीच लिहून ठेवलेली योजना म्हणजे बॅकआउट प्लॅन. इथे बदलाला बॅक आउट करता येतं, म्हणून ‘द पॅच वॉज बॅक्ड आउट’ बरोबर. हिंजवडीत काम करणारी मुलं हे रोज बोलतात आणि मग तेच वाक्य सौद्याला लावतात, तिथे चुकतं.

## वहीत सोडवा

खालची वाक्यं आधी स्वतः करा, मग उत्तर वाचा.

1. व्यापाऱ्याने भाव ठरवला आणि पावसानंतर माघार घेतली. — ‘द ट्रेडर ॲग्रीड ऑन अ प्राइस अँड बॅक्ड आउट आफ्टर द रेन.’
2. ताप आल्यामुळे तिने स्पर्धेतून नाव काढलं. — ‘शी पुल्ड आउट ऑफ द कॉम्पिटिशन बिकॉज ऑफ अ फीव्हर.’
3. दोन्ही घरांनी मिळून साखरपुडा रद्द केला. — ‘द टू फॅमिलीज कॉल्ड ऑफ द एंगेजमेंट.’
4. बँकेने कर्ज दिलं नाही म्हणून फ्लॅटचा सौदा फिस्कटला. — ‘द फ्लॅट डील फेल थ्रू बिकॉज द बँक डिडन्ट गिव्ह द लोन.’
5. तो गाडी चालवायला तयार झाला होता, पण ऐनवेळी फिरला. — ‘ही बॅक्ड आउट ऑफ ड्रायव्हिंग ॲट द लास्ट मिनिट.’
6. आमच्या व्यापाऱ्याने माघार घेतली, म्हणून माल मोकळा आहे आणि आम्ही भाव कमी करायला तयार आहोत. — ‘अवर लोकल ट्रेडर बॅक्ड आउट, सो द ग्रेप्स आर अव्हेलेबल, अँड वुई कॅन ऑफर अ लोअर प्राइस.’ भावाचा मेल असाच जायला हवा होता.